मी फेल केलेला सौदा

आमच्या बालाघाटच्या घरात टीव्हीच्या शेजारच्या कपाटात आईची पितळी पायली ठेवलेली आहे. आई तिनं तांदूळ मापायची. आता तिच्यावर नावं कोरलेली आहेत. सगळ्यात ताजं नाव ज्या बाजूला आहे ती बाजू मी भिंतीकडे करून ठेवायचो. बायको झाडपूस करताना ती पुन्हा समोर फिरवायची. मी पुन्हा भिंतीकडे करायचो. गेल्या जूनपासून गेल्या महिन्यापर्यंत हे चाललं आणि तोवर आम्ही दोघंही त्याविषयी एक शब्द बोललो नव्हतो.

ते नाव माझ्या मावसभावाचं आहे. तिथे माझ्या धाकट्या बहिणीचं नाव असायला हवं होतं. ते नाही, कारण मी हुशारी केली. हे लिहितानाही कानशिलं तापतात. राग कुणाचा, हे ठरवायला मला बरेच महिने लागले. पहिल्यांदा मावसभावाचा आला, मग बहिणीचा, मग इंग्लंडमधल्या एका स्ट्रायकरच्या मांडीचा. योग्य पत्त्यावर तो सगळ्यात शेवटी पोचला.

आधी खेळ सांगतो, म्हणजे कुणी अडायला नको. आमच्या नात्यातले आणि गल्लीतले आठ जण मोबाईलवर फुटबॉलचा एक खेळ खेळतात. इंग्लंडमधले खरे खेळाडू आपसात वाटून घ्यायचे, एकेकाला पंधरा. एक खेळाडू एकाकडेच. शनिवार-रविवारी तिकडे ते खरे सामने खेळतात. तुमच्या माणसानं गोल मारला की तुम्हाला गुण, तुमच्या गोलकीपरनं आणि बचाववाल्यांनी गोल होऊ दिला नाही की त्याचेही गुण. ऑगस्ट ते मे हे चालतं, आणि जो जिंकतो त्याचं नाव आईच्या पायलीवर कोरलं जातं; पायली मात्र आमच्याच घरी राहते. मधल्या काळात दोघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल केली तर तिला सगळे ट्रेड म्हणतात, मी सौदा म्हणतो. आणि सौदा बरोबरीचा आहे की कुणी कुणाला गंडवतंय, हे ठरवायला एक पंच असतो. तो मी.

पंच कसा झालो तेही सांगून टाकतो, नाहीतर मावसभाऊ सांगेल. पहिल्या वर्षी मीही खेळत होतो. मी मोठ्या विचारानं एक गोलकीपर निवडला. पाच आठवडे त्याचा एकही गुण आला नाही. मी म्हणत होतो, गडी लयीत यायला वेळ लागतो. सहाव्या आठवड्यात कळलं की तो दोन महिने आधीच निवृत्त झाला होता. तेव्हा सर्वांनी एकमतानं मला खेळातून उठवलं आणि न्याय करायला बसवलं.

पण एक कारण इभ्रतीचंही होतं. माझी नोकरी तांदळाची प्रत तपासायची आहे, सरकारी. राईस मिलमधून ट्रक येतो, मी पोत्यात परखी खुपसतो, म्हणजे टोकदार पोकळ नळी, तिच्यातून मूठभर दाणे हातावर घरंगळतात. तुटका किती, ओल किती, रंग उतरलेला किती. मग मी म्हणतो, लॉट पास. किंवा लॉट फेल. तीस वर्षं मी हे दोन शब्द बोलत आलोय आणि माणसं समोर उभी राहून ऐकत आलीयेत. याचा परिणाम माणसावर होतोच. भाजीवाल्याकडे, लग्नात पंगतीला, बायकोनं साडी दाखवली तरी माझ्या तोंडात तेच. बायको म्हणते, "तुम्हाले मधलं काही येतच नाही."

परखी वापरण्याचा एक नियम आहे आणि तो मी नव्या पोरांना दरडावून शिकवतो. मिलवाला हसत हसत जे पोतं पुढे सरकवतो त्यातून नमुना घ्यायचा नाही. वरच्या थरातून तर नाहीच. चार कोपरे, मधलं पोतं, खालची ओळ. एका मुठीवर ट्रकचा निकाल देणाऱ्याला मी सगळ्यांसमोर झापलेलं आहे. आता पुढचं ऐका.

माझी बहीण वारासिवनीला दिलेली. आठ जणांत ती एकटी बाई. तिचा मुलगा इंदूरला नोकरीला लागला तेव्हा तिनं त्याची जागा घेतली. त्यामुळे सगळे धरून चालले की टीम पोराचीच, आई नुसती बटणं दाबते. तिचे यजमान, आमचे जावई, तर उघड म्हणायचे, "तिचं सगळं इंदूरहून चालते."  पण गेल्या हंगामात दिवाळीला ती आमच्याकडे आली तेव्हा पायली हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसली होती.

"दादा, या पायलीवर एकाही बाईचं नाव नाही," ती म्हणाली.

"तू जिंक न मग."

"जिंकणारच आहो." मग स्वयंपाकघराकडे बोट करून म्हणाली, "तुमच्या घरात पाहा, माझ्या घरात पाहा. भांड्यायवर नावं कोणाचे? मामाकडून भेट, काकाकडून भेट. माझ्या लग्नातल्या हंड्यावर तुझं नाव आहे. माझं नाव माझ्या एका बी भांड्यावर नाही. आईच्या पायलीवर पाहिजे मले."

मी हसलो होतो. मोठा भाऊ हसतो तसा.

एप्रिल उजाडला तेव्हा ती पहिल्या नंबरवर होती. मावसभाऊ दुसरा, बारा गुणांनी मागे. हा मावसभाऊ वकील आहे. गोड बोलतो, निम्मं हिंदीत, आणि समोरचा हो म्हणेपर्यंत थांबत नाही. आधीच्या वर्षांत पायलीवर दोनदा त्याचं नाव कोरलं गेलं होतं. माझ्या मनात त्याच्याविषयी एक जुनी फाईल उघडीच आहे. मी दहा वर्षांचा, तो नऊ आणि बहीण सात वर्षांची असताना त्यानं तिची शाळेत बक्षीस मिळालेली कंपासपेटी दोन रंगीत पेन्सिली देऊन नेली होती. भांडण नको म्हणून दोघं माझ्याकडे आले. मी पेटी पाहिली, पेन्सिली पाहिल्या आणि म्हणालो, बरोबर आहे, एकावर दोन मिळाल्या. पेन्सिलींना टोक काढायला गेलं की आतलं शिसं तुटकं निघायचं. दोन्हींचं. त्या पेटीची आठवण मला आजही सुखानं बसू देत नाही, आणि त्या शनिवारी ती माझ्या मानगुटीवर बसलेली होती.

तो शनिवार. मी वारासिवनीलाच होतो, एका राईस मिलमध्ये. ऊन असं की टीनाच्या छपराखाली डोकं भाजत होतं. मी एका पोत्यावर बसून मोबाईल उघडला. सौदा आलेला. माझी बहीण आपला सगळ्यात मोठा स्ट्रायकर, चार सामन्यांत पाच गोल मारलेला, मावसभावाला देत होती. सोबत बाकावरचा एक गडी, नुसता आकडा जुळवायला. बदल्यात घेत होती एक गोलकीपर आणि एक डावीकडचा बचाववाला, दोघंही अशा संघातले ज्याचं नाव मलाही दोनदा वाचावं लागलं.

एकावर दोन. माझ्या डोळ्यांपुढे पेन्सिलीच आल्या.

सामने सुरू व्हायला तासभर होता. मी गेल्या चार सामन्यांचे गुण पाहिले. इकडे ढीग, तिकडे चिमूटभर. खाली सरकवून पाहायचं असतं, तिथे पुढचे सामनेही दिसतात. मी सरकवलं नाही. मी ग्रुपवर लिहिलं, आणि शब्द न् शब्द मला पाठ आहे: "सौदा फेल. एका बाजूला सोनं, दुसऱ्या बाजूला चिल्लर. समोरच्याचा भोळेपणा पाहून केलेला व्यवहार. वकीलसाहेबांनी घरच्या लेकीबाळींना तरी सोडावं."

लिहून झाल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी मिलवाल्याकडून चहा मागवला.

मावसभावाचा लगेच मेसेज: "भाऊ, शब्द वापस घ्या. ऑफर तिच्याकडून आली है." मी मनात म्हटलं, हौ, पेटीची ऑफरही तिच्याकडूनच आली होती.

मग बहिणीचा आला, फक्त मला: "दादा, पास कर. मी विचार केला आहे."

अजून वीस मिनिटं होती. मी तो वाचला. तिच्यासाठी माझा जीव तुटला आणि मी तिला उत्तर दिलं. ते उत्तर मी नंतर पुसलं, पण तिच्याकडे ते अजून आहे. मी लिहिलं होतं: "पोराला विचारून घे."

 वेळ संपली. मी चहा प्यालो.

घरी येऊन मी भाच्याला इंदूरला फोन लावला. चांगला झापायच्याच तयारीनं. म्हटलं, "का रे, आईले असा सौदा करू देते का? लक्ष कुठं आहे तुझं?"

"कौनसा सौदा, मामा?"

"फुटबॉलचा. तुझ्या टीमचा."

तो हसला. "मामा, मी तर दो साल से अॅपच उघडलं नाही. मम्मीच खेळते. मलेच सांगते इधर किसको लेना, किसको नहीं."

मी फोन ठेवला. बायको पोळ्या करत होती, तिनं सगळं ऐकलेलं. ती म्हणाली, "पोराले फोन केला. तिले केला का?"

मी म्हणालो, मीठ जास्त पडलंय. पोळीत.

त्या आठवड्यात जे झालं ते मी चिडल्याशिवाय सांगू शकत नाही. त्या अनोळखी संघाचा जानेवारीतला एक सामना पावसानं राहून गेला होता, तो याच आठवड्यात घातलेला. म्हणजे इतरांचा एक सामना, यांचे दोन. दोन्ही सामन्यांत त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. डावीकडच्या त्या बचाववाल्यानं आयुष्यात कधी मारला नसेल असा एक गोलही मारला. दोघांनी मिळून एकोणतीस गुण आणले, वकीलसाहेबांसाठी. आणि सोनं? ते विसाव्या मिनिटाला मांडी धरून खाली बसलं आणि उरलेला हंगाम बसूनच राहिलं. मी टीव्हीपुढे त्या मांडीला जे बोललो ते बायकोनं आतून दार लावून घेण्यासारखं होतं.

मे संपला. बहीण दुसरी आली, सात गुणांनी. मावसभाऊ पहिला. ज्याच्यापासून तिला वाचवलं त्याचंच नाव मी पायलीवर चढवून दिलं.

प्रथेप्रमाणे जिंकणाऱ्यानं सगळ्यांना जेवू घातलं. बहीण आली नाही. जावई म्हणाले, तिचं डोकं दुखतंय. मावसभावानं माझ्या ताटात स्वतः जिलेबी वाढली. "जज साहब, और लो. तुमच्याच कृपेने."

"तू तिले लुटतच होता न?" मी म्हणालो. "खरं सांग."

तो जरा थांबला. वकील थांबला की ऐकावं. "खरं सांगू? मलेबी तसंच वाटलं होतं. मले वाटलं, चला, इतका बडा आदमी फोकटात येऊन राह्यला. दोन मॅच होते हे तर मलेबी नाही दिसलं. तिनं मले लुटलं असतं, भाऊ. तुम्ही वाचवलं."

जिलेबी मी ताटात तशीच ठेवली. दोन चोर आणि दोघंही आंधळे, त्यातला एक न्यायाधीश.

जूनच्या पहिल्या रविवारी मी मोटरसायकल काढून वारासिवनीला गेलो. लोणच्याचे दिवस. बहीण मागच्या दारी बसून कैऱ्या फोडत होती, मोठ्या अडकित्त्यानं. मला पाहून उठली नाही. जावईंनी खुर्ची दिली.

"मी ग्रुपवर टाकतो," मी म्हणालो. "या वर्षी दोन विजेते. तुझं बी नाव पायलीवर घालून घेऊ. कोरणारा बुधवारी बाजारात बसते."

"काहून?"

"काहून म्हणजे? माझी चूक झाली न."

"चूक तुझी झाली अन् नाव माझं?" कैरी फुटली. "त्याच्याखाली का लिहिशील? दादाकडून भेट?"

जावई मध्ये बोलले, "अवो, घ्या न घालून. त्यात का जाते?" तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते मिठाची बरणी आणायला आत गेले आणि आलेच नाहीत.

मग ती उठली. ओला हात पदराला पुसून तिनं आतून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं, राईस मिलवाले दिवाळीला वाटतात ते. त्याच्या चौकोनांत आमच्या घरी दूध आणि सिलिंडर लिहिलेलं असतं. तिच्या कॅलेंडरवर दूध होतं, सिलिंडर होतं आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरांत सामने होते. कुणाचा कुठे, कुणाचा राहून गेलेला, कुणाचे दोन. एप्रिलच्या त्या आठवड्याला लाल शाईनं गोल केलेला होता. शेजारी तारीख, तिनं तो गोल केला त्या दिवसाची. फेब्रुवारीतली.

"तू कुठं होता त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"ड्युटीवर."

"कुठं?"

मी मिलचं नाव सांगितलं.

"इथून पायी किती?"

"दहा मिनिटं."

"चहा प्यायले बी नाही आला."

चहा मी तिकडेच प्यालो होतो हे मी सांगितलं नाही. म्हणालो, "बाई, मले तो कंपासपेटीचा किस्सा आठवला. म्हटलं, पुन्हा तसं नको."

तेव्हा ती पहिल्यांदा खरी चिडली. आवाज चढवून नव्हे. ती हळू बोलायला लागली.

"पेटीच्या वेळेस मी तुझ्यासमोर उभी राहून रडून राह्यली होती. तू पेन्सिली मोजल्या अन् पास केलं. या वेळेस मी म्हटलं, विचार केला आहे, तर तू फेल केलं. दोन्ही बार तू मालाकडे पाह्यलं. मले नाही विचारलं. तुझ्या गोदामात तू तांदळाले विचारत नसशील, ठीक आहे. मी तांदूळ नाही, दादा."

मी कैऱ्यांकडे पाहत बसलो. 

"पोराले विचारून घे म्हणे," ती म्हणाली, आणि पुढची कैरी अशी फोडली की कोय अंगणात गेली.

शेवटी मी माझा हुकमी पत्ता काढला. "मी पंच राहात नाही. सोडतो."

"सोडू नको." तिनं मान वर केली नाही. "सोडलं की तू मोकळा. मग सांगत फिरशील, मी चूक कबूल केली, पद सोडलं. लोक म्हणतील, केवढं मन. नाही. तिथंच बस. अन् फेल करायच्या आधी ज्याचा सौदा आहे त्याले फोन करत जा. त्याच्या पोराले नाही."

परत येताना मला तिचा इतका राग आला होता की मी वळणावर एका ट्रॅक्टरवाल्याशी भांडलो. चूक त्याची होती असं मला अजून वाटतं, पण आता माझ्या वाटण्याला फारशी किंमत उरलेली नाही.

पुढे ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला. फोनचा नियम ग्रुपवर मीच लिहिला. मावसभावानं त्यावर हसऱ्या तोंडांची रांग लावली. 

गेल्या महिन्यात शुक्रवारी तिचा सौदा आला. आपला सगळ्यात चांगला मधल्या फळीतला खेळाडू देऊन ती एक बचाववाला घेत होती, पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांकडून. मी गेल्या चार सामन्यांचे गुण पाहिले. खाली सरकवलं, पुढचे सामने पाहिले. कुणाचेच दोन नव्हते. कागद, पेन घेऊन अर्धा तास बसलो. हा सौदा कुठल्याही कोपऱ्यातून पाहिला तरी वाईट होता. मी फोन लावला.

"बाई, हा ट्रेड तुझाच न?"

"हौ."

"काहून करून राह्यली?"

"सांगणार नाही."

"अवो, थोडं तरी सांग. मले काहीच दिसून नाही राह्यलं त्याच्यात."

"तू विचारलं, मी सांगतलं की विचार केला आहे. झालं न तुझं काम?"

बोट फेलवर जायला वळवळत होतं. तीस वर्षांचं बोट आहे ते. मी पास दाबलं.

शनिवारी संध्याकाळी मी सामना लावला. तिचा नवा बचाववाला अकराव्या मिनिटाला समोरच्याच्या पायावर दोन्ही पाय घेऊन पडला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. तीन सामने बाहेर. मी उभा राहिलो. मोबाईल घेतला आणि लिहिलं, "मी म्हटलंच होतं." मग आठवलं, मी म्हटलं नव्हतं, मी विचारलं होतं. पुसलं. "वाईट झालं" लिहिलं. तेही पुसलं. तिकडे नावाखाली दिसत होतं की मी लिहितोय, पुसतोय, लिहितोय.

तिचाच मेसेज आला. "दादा, मोबाईल ठेव. माझी चूक आहे, मले करू दे."

मी मोबाईल ठेवला. बायको कपाटापाशी फडकं मारत होती. पायली तिनं पुन्हा समोर फिरवलेली. वकीलसाहेबांचं नाव चकचकत होतं आणि मला त्याचा अजूनही तेवढाच राग येत होता. मी उठून पायलीपर्यंत गेलो. बायको बाजूला झाली, मी नेहमीप्रमाणे फिरवीन म्हणून.

"राहू द्या तशीच," मी म्हणालो.

"काहून?"

मी तिला सांगितलं, ते नाव मला दिसत राहिलं पाहिजे. ती म्हणाली, मग रोज मला काहून मेहनत करायला लावली, आणि फडकं झटकून आत निघून गेली.